माडीवरचं चिकट प्रकरण

हौसेनं केलेलं लाकडी फ्लोअरिंग पंधरा दिवसांत रुसलं तर? वरून अजून एक हात मारायच्या आधी हे वाचा.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले, आणि मी नि आई माडीवरच्या हॉलमधली सतरंजी उचलायला गेलो. एक टोक तिनं धरलं, एक मी. सतरंजी उचलेचना. जरा जोर लावला तर ‘चर्रर्र’ असा आवाज झाला, जुनं स्टिकर काढताना होतो तसा. खाली पाहिलं, तर माझ्या नव्याकोऱ्या, चकचकीत सागवानी फ्लोअरिंगवर सतरंजीची अख्खी वीण उमटलेली. जागोजागी निळे धागेसुद्धा चिकटलेले!

आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

शेवटचा हात मारून पंधरा दिवस झाले होते. ‘मॅडम, चोवीस तासांत चालायला लागा,’ असं काँट्रॅक्टरनं छातीठोक सांगितलं होतं. पुण्याहून आणलेला तो माणूस आता फोन उचलत नव्हता. माझा जवळजवळ अख्खा बोनस त्या चौदा बाय बाराच्या हॉलमध्ये गेला होता. पण खरं सांगायचं तर प्रश्न बोनसचा नव्हता. प्रश्न त्या लाकडाचा होता.

हौस माझी, तुळया आबांच्या

आमचं घर उमरखेडचं. जिल्हा यवतमाळ, पण आमचा बाजार, दवाखाना, रेल्वे सगळं नांदेड. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं नांदेडला उतरायचं, हदगाव ओलांडायचं, पैनगंगेचा पूल लागला की आलंच गाव. पुढे नदीच्या काठाकाठानं पैनगंगा अभयारण्य, आणि त्यात सागच साग. त्यामुळे आमच्याकडे जुन्या घराला सागवान असण्यात कौतुक काहीच नाही. कौतुक पुण्यात. तिथे सागवानी फ्लोअरिंगचा चौरस फुटाचा भाव ऐकला की आपण आपोआप टाइल्सच्या दुकानाकडे वळतो.

आबांचं जुनं माळवदाचं घर तीन भावांत वाटलं गेलं आणि शेवटी पाडावं लागलं. बाबांच्या वाट्याला तुळया आल्या. आई याच तुळयांखाली नवरी म्हणून आली, माझं नि दादाचं बारसं याच तुळयांखाली झालं. त्या विकायच्या नाहीत, एवढं एकच वाक्य आई बोलली होती. मग आयडिया माझी. आरा मशीनवर तुळया चिरून फळ्या काढायच्या आणि नवीन माडीवर फ्लोअरिंग करायचं. पायाखाली आबांचं घर! व्हॉट्सॲपवर शेड निवडली, व्हॉट्सॲपवर ॲडव्हान्स पाठवला, व्हॉट्सॲपवर फोटो बघून ‘वॉव’ टाकलं. फळ्या बसल्या जूनमध्ये, पॉलिश झालं ऑगस्टमध्ये. कारण महालक्ष्म्या नव्या हॉलमध्ये बसवायच्या होत्या. डेडलाइन म्हणजे डेडलाइन. आपण ऑफिसात तेच शिकतो ना?

आधी डाग मोजा

मला पहिल्यांदा वाटलं, वरून अजून एक कोट मारला की झाकलं जाईल. गावातले एक वयस्कर पॉलिशवाले मिस्त्रीकाका आहेत, त्यांना बोलावलं. ते आत आले, चप्पल काढली आणि अनवाणी पावलांनी हॉलभर फिरले. मग म्हणाले, “ताई, काहून घाई केली? पावसात कोणी पॉलिश करते का? आता याच्यावर अजून हात मारू नका. खाली काय हाये ते पाहू.”

मग त्यांनी माझ्याकडून एक मजेशीर काम करून घेतलं. खडू घेऊन जिथे पाय चिकटतो तिथे गोल, जिथे पांढरट दिसतं तिथे फुली, जिथे पापुद्रा निघतो तिथे रेघ. तासाभरात हॉलचा नकाशा तयार झाला. आणि तेव्हा लक्षात आलं, की आपण ज्याला ‘पॉलिश बिघडलं’ म्हणत होतो ती एक तक्रार नव्हतीच. त्या तीन वेगवेगळ्या तक्रारी होत्या.

चिकटपणा तेरा ठिकाणी होता, आणि प्रत्येक ठिकाणी फळीच्या एकाच टोकाला, दीडेक फूट. शेजारची फळी खणखणीत कोरडी. पांढरा धुरकटपणा मात्र फळ्यांची पर्वा न करता खिडकीच्या बाजूला सलग पसरलेला. आणि पापुद्रे निघत होते ते दारात, जिथे येण्याजाण्याची वर्दळ.

ही रचनाच सगळं सांगते. दोन डब्यांचं पीयू, म्हणजे एका डब्यात पॉलिश आणि दुसऱ्यात हार्डनर, हे जर चुकीच्या प्रमाणात मिसळलं असतं तर अख्खा हॉल चिकट राहिला असता. निवडक फळ्या चिकट राहतात तेव्हा दोष डब्यात नसतो, लाकडात असतो. फळ्यांच्या हद्दी ओलांडून डाग पसरतो तेव्हा हवेवर संशय घ्यायचा. आणि वरचा थर नखानं निघतो, तेव्हा दोन थरांचं एकमेकांशी जमलेलं नाही हे उघड आहे.

सागवानाचा तेलकट स्वभाव

सागवान इतकं टिकतं का? कारण त्याच्या अंगातच तेलकट, रबरासारखी द्रव्यं असतात. वाळवी आणि बुरशी त्यापासून लांब राहतात. मुंबईच्या वाडिया गोदीत मलबारी सागवानाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ नावाचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय! पण गंमत बघा, जहाजांच्या सागवानी डेकला परंपरेनं पॉलिश करतच नाहीत. नुसतं घासून धुतात. लाकडाला त्याची गरज नसते, आणि पॉलिशही त्यावर नीट टिकत नाही.

आपल्याला मात्र घरात चकाकी हवी असते. अडचण अशी, की हीच नैसर्गिक द्रव्यं काही पॉलिशना वाळू देत नाहीत, काहींना पकड घेऊ देत नाहीत. म्हणून सागवानाला शेवटचा पॉलिशपेपर मारला, की पांढऱ्या कापडानं थिनर पुसून घ्यायचा आणि थिनर उडाला की वेळ न घालवता पहिला हात मारायचा. रात्रभर ठेवलं, की आतलं तेल पुन्हा वर येतं. काकांनी एका कोपऱ्यात थोडं पॉलिश खरवडलं आणि थिनरचं फडकं फिरवलं. चांगल्या फळीवर फडकं पिवळसर झालं. चिकट फळीवर? काळंकुट्ट.

“हे सागाचं तेल न्हाई,” काका म्हणाले. “हे बाहेरचं हाये.”

बाबांना कुणी विचारलंच नव्हतं

बाबा दारात उभे होते. फडकं बघून त्यांनी ते हातात घेतलं, वास घेतला आणि हसले. म्हणाले, “हे काळं ऑइल आहे. ट्रॅक्टरचं. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं असतात ना, तिथेच वाळवी आधी लागते. दर दोन-तीन वर्षांनी मी आणि आबा जळकं ऑइल लावायचो. मी शिडीवर, आबा खाली डबा धरून.”

मी बाबांकडे बघतच राहिले. हे सगळं त्यांना माहीत होतं. फळ्या चिरल्या तेव्हा, बसवल्या तेव्हा, रंग मारला तेव्हा ते तिथेच होते. फक्त कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मी शेड कार्डावर ‘वॉलनट’ की ‘हनी’ यावर तीन दिवस चर्चा केली, पण हे लाकूड आयुष्यभर कुठे होतं, त्याला काय काय लागलंय, हा एक प्रश्न केला नाही. काँट्रॅक्टरनंही केला नाही. काळपट टोकं दिसली तेव्हा त्यानं सगळीकडे गडद शेड मारून ती झाकली.

जुन्या लाकडाचं हेच आहे. त्यावर चुलीचा धूर असतो, दिव्याचं तेल असतं, मेण असतं, खिळे असतात. खिळा राहिला आणि ओल लागली, की लोखंडाचा काळा डाग लाकडात उतरतो. आमच्याकडेही असे चार ठिपके निघाले. ते पॉलिशखालून कधीच जात नाहीत. पॉलिश काढून, ऑक्सॅलिक ॲसिडच्या पाण्यानं, हातमोजे घालूनच काढावे लागतात, आणि मग जागा पाण्यानं स्वच्छ पुसून पूर्ण वाळवावी लागते.

पांढरा धुरकटपणा आणि सुटलेले पापुद्रे

उरल्या दोन तक्रारी. दोन्हींचा उगम सीलरमध्ये निघाला. सीलर म्हणजे पॉलिशखालचा पहिला हात, लाकडाची छिद्रं भरणारा. आमच्याकडे तो मारला त्या दिवशी धो धो पाऊस होता. हे मला कसं कळलं? त्याच व्हॉट्सॲपच्या फोटोंवरून! मी ‘वॉव’ टाकलेल्या फोटोत खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ स्पष्ट दिसत होते.

साधा, पटकन वाळणारा सीलर दमट हवेत मारला, की त्यातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. दिसायला ते दुधाळ दिसतं. फक्त वरच्या थरात असेल तर कोरड्या दिवशी हलका पॉलिशपेपर मारून वरचा हात पुन्हा देता येतो. पण धुरकटपणा खालच्या थरात अडकला असेल आणि वर पीयूचे दोन हात चढले असतील, तर वरून काहीही केलं तरी तो जात नाही. पीयूच्या हार्डनरचंही ओलीशी वाकडंच. ओल मिळाली की त्याच्यापासून वायू तयार होतो आणि पॉलिशमध्ये टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. खिडकीपाशी तेही होते.

आणि पापुद्रे? सीलर एका प्रकारचा, वरचं पॉलिश दुसऱ्या प्रकारचं. स्वस्तात बसतं म्हणून असं सर्रास करतात. कपाटाच्या दाराला एकवेळ चालून जातं, पण पायाखालच्या जमिनीला नाही. हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. धारदार ब्लेडनं दाराआड लपलेल्या जागी उभ्या-आडव्या बारीक रेघांची जाळी काढायची, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर चौकोन निघून आले, की समजा वरचा थर खालच्याला धरून नाही. आमच्याकडे जवळपास सगळेच चौकोन पट्टीवर आले.

म्हणजे निकाल लागला होता. सगळं खरवडायचं, कोऱ्या लाकडापर्यंत. मी काकांना विचारलं, “फळी झिजणार नाही का?” ते म्हणाले, भरीव लाकडाची हीच तर मजा आहे. आमची फळी पाऊण इंचाची. अशी फळी जन्मात कितीतरी वेळा घासून नवी करता येते. वर कागदासारखा पातळ लाकडी थर असलेली तयार फ्लोअरिंगची पाटी असती, तर मात्र हा खेळ एकदाच, किंवा तोही नाही.

दिवाळीनंतर, दुसऱ्यांदा

काकांनी एकच अट घातली. आत्ता नाही, दिवाळीनंतर. पाऊस गेला पाहिजे, हवा कोरडी झाली पाहिजे. मला दोन महिने तो सोललेला हॉल बघवला नसता, पण बघितला. मधल्या काळात काकांनी आणखी एक शंका काढली. खालचा स्लॅब नवा होता. एक फळी काढून स्लॅबवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवला आणि दिवसभर ठेवला. आत थेंब जमले असते तर स्लॅब अजून ओला आहे असं समजायचं. सुदैवानं प्लास्टिक कोरडं निघालं.

नोव्हेंबरमध्ये मी चार दिवस सुट्टी टाकली आणि या वेळी फोटोत नाही, हॉलमध्ये हजर राहिले. काळ्या ऑइलची तेरा टोकं कापून काढली, कारण ऑइल किती खोल गेलंय याचा भरवसा नव्हता. त्या जागी उरलेल्या फळ्यांचे तुकडे बसले. मग घासणं. आधी ६० नंबरचा पॉलिशपेपर, मग ८०, मग १२०. मधला एक नंबर गाळला, की जाड पेपरचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावरच दिसतात. ते आधी दिसावेत म्हणून काकांची युक्ती भारी आहे. रात्री दिवे बंद करून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवायचा. आडव्या उजेडात प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. घासताना सगळ्यांना मास्क सक्तीचा. सागवानाचा भुसा काहींच्या अंगाला खाज आणतो, श्वासाला त्रास देतो. पीयूच्या वासापासूनही लांबच राहायचं, खिडक्या उघड्या ठेवून.

पॉलिश कुठलं, यावर घरात परिषद भरली. बाबा म्हणाले जवसाचं तेल. आमच्याकडे जुन्या दारांना तेच लावायचे. काका म्हणाले चपड्याच्या लाखेचा एक हात मारून वर पीयू. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख दोन दिवस ठेवायची आणि गढूळ मेण तळाशी बसलं, की वरची निवळ घ्यायची. तेलकट लाकूड आणि पॉलिश यांच्यामध्ये ती भिंतीसारखी उभी राहते. मी म्हटलं, डब्यावरची माहितीपत्रिका काय म्हणते ते बघू. पत्रिकेत त्याच कंपनीचा, त्याच पीयूच्या जोडीचा सीलर सांगितला होता.

शेवटी उरलेल्या तुकड्यांवर दोन नमुने केले. एक काकांच्या लाखेचा, एक पत्रिकेप्रमाणे. आठवड्यानं दोन्हींवर ब्लेडच्या रेघा आणि चिकटपट्टी. दोन्ही पास! मग वर्दळीची जागा आहे म्हणून पत्रिकेचा मार्ग घेतला. काका जरा नाराज झाले, पण आईच्या देव्हाऱ्याला लाखेचा हात देऊन त्यांनी हौस भागवून घेतली. जवसाचं तेल मी टाळलं, त्याला आणखी एक कारण होतं. त्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून टाकली, तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरलंत तर फडकी बाहेर मोकळी पसरून वाळवा.

पीयूचे तीन पातळ हात, दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा हलका पेपर, प्रत्येक वेळी धूळ टिपून. मग सात दिवस फर्निचर नाही, तीन आठवडे सतरंजी नाही. ‘वाळलं’ आणि ‘पक्कं झालं’ यात फरक आहे, हे मला तेव्हा कळलं. हात लावून कोरडं वाटणारं पॉलिश आतून पक्कं व्हायला आणखी बरेच दिवस घेतं.

एक गोष्ट मात्र मला पुन्हा घाबरवून गेली. महिन्याभरानं सतरंजी उचलली, तर खाली फिकट चौकोन! मी काकांना फोन लावणार, तेवढ्यात आठवलं, हा दोष नाही. सागवान उजेडात रंग बदलतं. ताज्या घासलेल्या लाकडाचे पट्टे उन्हात एकसारखे होतात, आणि झाकलेला भाग मागे राहतो. सतरंजी गुंडाळून ठेवली, काही आठवड्यांत चौकोन मिटला. तसंच मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तेव्हा फळ्यांमध्ये केसाएवढ्या फटी दिसल्या. पावसाळ्यात त्या बुजल्या. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, म्हणून तर भिंतीच्या कडेला जागा सोडायची असते.

नवं फ्लोअरिंग बिघडलं तर...

• आधी नकाशा काढा. ठरावीक फळ्याच बिघडल्यात की सगळीकडे सारखं आहे? उत्तर यातच असतं.

• कारण कळल्याशिवाय वरून हात मारू नका. चिकट थरावरचा नवा थरही चिकटच राहतो.

• सीलर आणि पॉलिश एकाच जोडीचं घ्या. रिकामे डबे आणि बिल जपून ठेवा.

• जुनं लाकूड असेल तर घरातल्या मोठ्यांना त्याची जन्मकहाणी विचारा.

• आधी उरलेल्या तुकड्यावर नमुना करा आणि आठवडा थांबा.

• पॉलिशची तारीख सणावर नाही, हवेवर ठरवा.

यंदाच्या महालक्ष्म्या पुन्हा माडीवर बसल्या. सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, आणि एका मावशीनं ती थोडी सांडलीही. आईनं फडक्यानं पुसली, डाग नाही. विसर्जनानंतर आम्ही दोघींनी पुन्हा सतरंजीची टोकं धरली. मी डोळे मिटूनच उचलली. काही आवाज झाला नाही.

कापून काढलेली ती तेरा काळी टोकं? बाबांनी त्यांचा अंगणात एक ओबडधोबड बाक केलाय. पॉलिश नाही, काही नाही. संध्याकाळी तिथेच बसतात. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “बघ, अजून वाळवी लागली नाही.”